ड्रॉइंगची खोली बंद करण्यापूर्वी : आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
माननीय मॅनेजर सिस्टर, मुख्याध्यापिका सिस्टर आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी फाटकाजवळच्या फलकावर जी सूचना लागली, ती वाचून हे पत्र लिहीत आहे. नववी आणि दहावीच्या वेळापत्रकातून चित्रकला, संगीत व नाट्य यांच्या तासिका यंदापासून काढण्यात येत आहेत, चित्रकलेची खोली 'फाउंडेशन' वर्गासाठी (म्हणजे वैद्यकीयसारख्या प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीसाठी) वापरण्यात येईल आणि 'मुलींच्या कलागुणांना वार्षिक स्नेहसंमेलनात पूर्ववत वाव दिला जाईल', असे त्या सूचनेत म्हटले आहे. माझी मुलगी आठवीत आहे, म्हणजे पुढच्या वर्षी ही सूचना तिला लागू होईल. मी स्वतः याच शाळेत पाचवी ते दहावी शिकले आणि १९९८ साली येथूनच बाहेर पडले. त्यामुळे पालक म्हणून मला जे वाटले ते एक, आणि माजी विद्यार्थिनी म्हणून जे वाटले ते त्याहून बरेच जास्त.

शाळेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मराठवाड्यात सिस्टरांनी चालवलेल्या मुलींच्या शाळा मोजक्याच आहेत. नाव घातले तर हे पत्र एका शाळेविरुद्धची तक्रार ठरेल आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल. ज्यांना उद्देशून लिहिले आहे, त्यांना ते कळेलच.

ज्या खोलीचा उल्लेख सूचनेत 'उपलब्ध जागा' असा झाला आहे, तिच्याविषयी आधी सांगते. सभागृहामागची ती लांबट खोली, उत्तरेकडे उघडणाऱ्या चार खिडक्यांची. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, सावल्या सरकत नाहीत, म्हणून चित्रकलेला उत्तरेच्या खिडक्या लागतात, हे ज्यांनी ती खोली बांधून घेतली त्यांना ठाऊक असले पाहिजे. आम्हांला चित्रकला शिकवणाऱ्या सिस्टर केरळच्या होत्या. त्यांचे मराठी उत्तम होते, फक्त त्यांच्या तोंडचा 'चमचा' आमच्या चमच्यापेक्षा वेगळा वाजायचा आणि आम्ही तो पुन्हा पुन्हा ऐकण्यासाठी मुद्दाम स्वयंपाकघरातल्या वस्तूंची नावे विचारत असू. वस्तुचित्राच्या पहिल्याच तासाला त्यांनी मठाच्या स्वयंपाकघरातून एक पितळी तांब्या आणून स्टुलावर ठेवला होता. चाळीस मुलींनी चाळीस तांबे काढले आणि बहुतेकींच्या तांब्याचे तोंड दोन्ही टोकांना कडुनिंबाच्या पानासारखे टोकदार झाले होते व बूड मात्र पट्टीने ओढल्यासारखे सपाट होते. सिस्टरांनी कुणाचेही चित्र पुसले नाही. त्यांनी तांब्या हातात घेऊन आमच्या डोळ्यांच्या रेषेत धरला. तोंडाची एक आडवी रेघ झाली. मग तो सावकाश खाली खाली नेत त्या विचारत राहिल्या, "आता किती उघडले? आता किती?" तोंड उघडत गेले, आणि बूड तोंडाहून खाली असल्यामुळे ते तोंडापेक्षाही अधिक गोल दिसायला हवे, हे कुणी न सांगता आमच्या ध्यानात आले. ते दिसल्यावर सपाट बुडाचा तांब्या पुन्हा काढणे शक्यच राहिले नाही.

मी आज आरेखक म्हणून काम करते. घरांचे, गोदामांचे, क्वचित एखाद्या मंगल कार्यालयाचे नकाशे काढते. प्लॅन, एलिव्हेशन आणि सेक्शन, म्हणजे वरून, समोरून आणि कापून दिसणारी रूपे, या तीन गोष्टी एकाच वस्तूच्या आहेत, हे मी कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले नाही. इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षेतल्या घनभूमितीच्या पेपरसाठी याच खोलीत टी-स्क्वेअर आणि दोन गुण्ये घेऊन शिकले. कार्यालयात संगणकावर माझ्यापेक्षा जलद हात चालणारी मुले आहेत, परंतु जिना कोणत्या पायरीपाशी डोक्याला लागेल हे नकाशा पाहून त्यांना दिसत नाही, मला दिसते. एवढे सांगून लगेच हेही सांगते की, हा मुद्दा मी 'कला रोजगार देते' अशा अर्थाने मांडत नाही. माझ्या बाकावरच्या दोघींपैकी एक परिचारिका झाली, दुसरी शेती सांभाळते. दोघींनाही पेन्सिलीने पैसा दिला नाही, आणि दोघीही आजतागायत त्या खोलीविषयी बोलतात.

आता स्नेहसंमेलनाविषयी. तिथे कलागुणांना वाव मिळतो, असे सूचनेत म्हटले आहे, म्हणून गेल्या जानेवारीतले स्नेहसंमेलन मी जसे पाहिले तसे नोंदवते. एकूण अकरा नृत्ये झाली, त्यांतली नऊ चित्रपटगीतांवर होती. ती बसवण्यासाठी बाहेरून एक नृत्यशिक्षक पंधरा दिवस येत होते. त्या पंधरा दिवसांत निवडलेल्या मुली वर्गात नव्हत्या आणि न निवडलेल्या मुलींना तास नव्हते. पोशाखाच्या भाड्याचे प्रत्येकीकडून आठशे रुपये घेतले गेले. ज्यांना ते जमले नाहीत त्यांची नावे आपोआप मागे पडली, कुणी तसे बोलून दाखवले नाही इतकेच. गाणी ध्वनिमुद्रित होती, त्यामुळे शाळेतली एकही मुलगी त्या संध्याकाळी गायली नाही. पडदा भाड्याचा होता, नेपथ्य फ्लेक्सचे होते. त्यामुळे एकाही मुलीने काही रंगवले नाही. आणि नववी-दहावीच्या मुली? त्या साड्या नेसून पाहुण्यांच्या स्वागताला उभ्या होत्या, हातात ताम्हन, हार आणि श्रीफळ घेऊन. संपूर्ण कार्यक्रमात रंगमंचावर त्यांचे काम एवढेच होते की, नाव पुकारले की तबक पुढे करायचे. सिस्टर, मला त्या दृश्याचा राग आला नाही, संकोच वाटला, कारण लग्नकार्यात आम्ही आमच्या मुलींना जिथे उभे करतो, नेमक्या त्याच जागी शाळेनेही त्यांना उभे केले होते.

माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. पाचवीतल्या मुलीने नाचायला, गायला, रंग खेळायला आमच्या भागात कुणाचीच हरकत नसते. आठवी-नववी आली की घरात 'आता मोठी झालीस' हे वाक्य सुरू होते. ओढणी सावरायची, हळू हसायचे, आवाज खाली ठेवायचा. मुलीचे लग्न दहावीच्या निकालाच्या आसपास उरकून टाकणारी कुटुंबे आपल्या भागात अजून आहेत, हे आपल्या शाळेला मी सांगायला नको. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतून आलेल्या ज्या मुली आपल्या वसतिगृहात राहतात, त्यांच्याविषयी आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. अशा वेळी, ज्या वयात तिने चारचौघांत उभे राहून मोकळ्या गळ्याने बोलायला शिकायचे, त्याच वयात शाळाही तिला 'आता अभ्यासाकडे लक्ष दे' म्हणून रंगमंचावरून खाली उतरवते. घर आणि शाळा यांचे कारण वेगळे असेल, वेळ मात्र एकच आहे.

आमच्या वेळी तसे नव्हते. मी नववीत असताना नाताळचे नाटक नववीच्याच वर्गाने केले. तालमी ऑगस्टपासून दर शनिवारी दुपारी होत. येशूच्या आईची, मारियेची, भूमिका आमच्या वर्गातल्या एका मुस्लिम मुलीकडे गेली. तिची आई परवानगी देईल का, याची चिंता सिस्टरांना होती. आईने उलट विचारले की, बीबी मरियमचे काम म्हणता, त्याला मी नाही कशी म्हणणार? तिला इरकली नेसवली होती. देवदूतांचे पंख आम्ही पुठ्ठ्याचे केले आणि त्यांवर कापूस चिकटवला. तो कापूस एका मुलीच्या वडिलांनी जिनिंगमधून आणला होता, पण रेचण्याआधीचा, त्यामुळे पंखांत सरकी तशीच राहिली होती आणि देवदूत वळला की बारीक खडखड होई. आणखी एक मुलगी होती, भाजी मंडईतल्या घरातली, जिचा आवाज वर्गाबाहेर मैदानापर्यंत जाई. आधीची दोन वर्षे त्या आवाजासाठी तिने शिक्षा भोगल्या होत्या. सिस्टरांनी तिला निवेदक केले. ध्वनिक्षेपक ऐन वेळी बंद पडला आणि शेवटच्या रांगेपर्यंत फक्त तिचेच शब्द पोहोचले. गाणी आम्हीच गायलो, हार्मोनियमवर, ज्याची मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबली की उठतच नसे, म्हणून वाजवणारी मुलगी ती डाव्या हाताच्या नखाने उचलून देत असे. त्या नाटकाला मंडप नव्हता, दिवे जेमतेम होते. तरीही त्यात आम्हांला करण्यासारखे खूप होते.

कलाशिक्षण हा आपल्या संस्थेच्या मूळ कामाला जोडलेला वरचा शोभेचा तुकडा आहे, असे जर समितीत कुणाला वाटत असेल, तर अत्यंत नम्रतेने आपल्याच परंपरेची आठवण करून द्यावीशी वाटते. जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या मठाधिपती, ज्यांना २०१२ साली चर्चने 'डॉक्टर ऑफ द चर्च' ही पदवी दिली, त्यांनी बाराव्या शतकात गाण्यांच्या चाली बांधल्या आणि एक संपूर्ण गेय नाटक रचले. त्यात सद्गुण गातात, आत्मा गातो, फक्त सैतानाला गाता येत नाही, तो नुसता ओरडतो. ज्या स्त्रीने आठशेहून अधिक वर्षांपूर्वी संगीताला एवढे मोठे स्थान दिले, तिच्या वारशातल्या शाळेत संगीताच्या तासिकेला जागा नसावी, हे विचित्र वाटते. व्हेनिसमध्ये १७०३ साली विवाल्डी नावाचा एक तरुण धर्मगुरू मुलींच्या अनाथालयात व्हायोलिन शिकवायला लागला. त्या मुलींचे वादन ऐकायला पुढे युरोपभरातून माणसे येत, आणि आज ज्याला मोठा संगीतकार म्हणतात त्याच्या कितीतरी रचना त्या मुलींनी वाजवाव्यात म्हणून झाल्या.

इतक्या लांब जायचेही कारण नाही. ओवी छंदात, मराठीत, ख्रिस्ताचे चरित्र सांगणारे पुराण फादर स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूने १६१६ साली गोव्यात छापले आणि ते तिथल्या चर्चमधून गायले जाई. आपले पैठणचे नाथ १५९९ साली गेले. म्हणजे नाथांची ओवी आणि फादर स्टीफन्सची ओवी यांत एका पिढीचेही अंतर नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या अँजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) या कॅथलिक चित्रकर्तीने मारियेला साडीत रंगवले. गोव्याचे अँजेलो द फोन्सेका यांनी शांतिनिकेतनात शिकून तसेच केले, त्याबद्दल स्वकीयांचा रोष ओढवून घेतला आणि पुढचे आयुष्य पुण्यात काढले. आमच्या नाटकातली इरकलीतली मारिया ही सिस्टरांची लहर नव्हती, हे मला फार उशिरा, ही चित्रे छापील रूपात पाहिल्यावर कळले. आपल्या शाळेच्या भिंतीवर यांतली एकही प्रतिकृती नाही. जी आहेत ती कॅलेंडरातली आहेत.

आता मराठवाड्याविषयी, कारण आपली शाळा इथे आहे आणि इथल्या मुलींना शिकवते. आपली सहल दर दोन-तीन वर्षांनी अजिंठ्याला जाते. मागच्या सहलीत माझी मुलगी होती. मुलींना रांगेने पहिल्या लेण्यात नेले, रांगेने बाहेर आणले, मग दुसऱ्यात, आणि घरी आल्यावर तिला सर्वांत जास्त आठवत होते ते बसमधले गाणे व फर्दापूरची दुकाने. दोष तिचा नाही, शिक्षकांचाही नाही. ज्या मुलीने आयुष्यात गेरू, पिवळी माती किंवा काजळी स्वतः घोटून कागदावर लावलेली नाही, तिला पहिल्या लेण्यातल्या अंधारात काय दिसणार? त्या भिंतींवर आधी मातीचा गिलावा आहे, ज्यात भाताचे तूस आणि गवत कालवले आहे, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. तांबडा, पिवळा, हिरवा हे जवळपासच्या खनिजांचे, काळा काजळीचा. फक्त निळा दूर अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द या दगडाचा. ही सारी सामग्री, तो एक निळा सोडला तर, आपल्या शाळेच्या आवारात किंवा बाजाराच्या दिवशी एका पिशवीत गोळा करता येईल. सहलीआधीच्या आठवड्यात चार विटांवर असा गिलावा करून मुलींनी एकेक कमळ काढले असते, तर त्या लेण्यात वेगळ्या डोळ्यांनी शिरल्या असत्या.

आणि हे बायकांचे काम नाही असे कुणी म्हणत असेल, तर १९०९ ते १९११ या काळात ख्रिश्चियाना हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकर्ती डोरोथी लार्चर या तरुण सहकारी स्त्रीसह अजिंठ्यात मुक्काम करून, निजामाच्या मदतीने, त्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती काढत होती, हे सांगावे. तिच्या मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार आले होते, हैदराबादेहून सय्यद अहमद आले होते. अंधारात, वटवाघळांच्या घाणीत, त्या बाई शिडीवर उभ्या राहून रेषा उतरवत होत्या. आमच्या मुलींना ही गोष्ट सहलीच्या बसमध्ये सांगायला पाच मिनिटे लागतात.

नाट्याची गोष्टही तीच. नाथांच्या भारुडांत सासूला, नणंदेला, दिराला वैतागलेली सून आहे, ती देवीला उघड नवस बोलते आणि लोक खदखदून हसतात. मग हसता हसता त्यांना कळते की नवस वेगळ्याच गोष्टीसाठी होता. मुलींच्या शाळेला याहून अधिक योग्य संहिता कोणती असेल? पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी यांनी भारूड गाऊन नाव मिळवले, म्हणजे हे पुरुषांनीच साडी नेसून करायचे असते, ही समजूतही आता उरायला नको. संबळ, तुणतुणे, टाळ ही वाद्ये भाड्याने आणावी लागत नाहीत. आपल्या विद्यार्थिनींपैकी निदान दोघी-तिघींच्या घरात ती असतील. घरी हे आहे असे शाळेत सांगायला त्या लाजतात, कारण स्नेहसंमेलनात त्याला जागा नाही.

गुणांचा मुद्दा मला मनापासून आवडत नाही, पण समितीच्या बैठकीत तोच निर्णायक ठरतो असे ऐकते, म्हणून मांडते. शासनाच्या कला संचालनालयाच्या रेखाकला परीक्षांत आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट अशी आपल्याकडची पद्धत. दहावीला चित्रकलेचे जे वाढीव गुण मिळतात, ते इंटरमिजिएटच्या श्रेणीवर मिळतात : 'ए'ला ७, 'बी'ला ५ आणि 'सी'ला ३. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य आणि लोककला यांनाही वाढीव गुणांची तरतूद आहे. म्हणजे नववीची चित्रकला बंद करून, गुण वाढावेत या हेतूने, आपण मुलींच्या हातचे सात गुण काढून घेत आहोत. 'फॉर्म शाळा भरेल, तयारी मुलींनी घरी करावी' असे मला कार्यालयात तोंडी सांगण्यात आले. वस्तुचित्राची तयारी घरी करणे म्हणजे पोहण्याची तयारी ओसरीवर करणे. त्याला समोर मांडलेली वस्तू लागते, एकीकडून येणारा उजेड लागतो आणि मागे उभे राहून 'बूड बघ' म्हणणारे कुणीतरी लागते.

शिवाय जिला पुढे दृश्यकलेच्या पदवीला जायचे आहे, तिच्या राज्यस्तरीय प्रवेशपरीक्षेत वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र हेच विषय असतात. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे, विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, महागामी या नृत्यसंस्थेत कथक आणि ओडिसी शिकवले जाते. हे सारे एका एस.टी.च्या अंतरावर असताना आपल्या मुली तिथे दिसत नाहीत. ज्या फाउंडेशनच्या वर्गातून वैद्यकीय प्रवेशाचे स्वप्न आठवीपासून विकले जाते, त्यात जागा किती आणि मुली किती, हा हिशेब मी आपल्यावर सोडते. लातूरकडे पाहून सगळ्याच गावांनी शिकवणीचे कारखाने उघडले. कॉन्व्हेंटनेही तेच करावे, याचे मला वाईट वाटते. शिकवणीसाठी गावात अकरा फलक आहेत. उत्तरेच्या खिडक्यांची खोली एकच आहे.

कायद्याचे बोट दाखवण्याचा माझा विचार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी, शंभरावर पट असेल तर, कलाशिक्षणाचे अंशकालीन निदेशक असावेत असे म्हटले आहे. पण २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांना त्या कायद्यातून वगळले, आणि नववी-दहावी तर त्यात मुळातच नाही. म्हणजे कागदोपत्री आपल्यावर कसलीही सक्ती नाही. संस्था कशी चालवावी हे ठरवण्याचा अधिकार घटनेने आपल्याला दिला आहे, आणि त्या अधिकाराचा वापर शेजारच्या शिकवणीसारखे होण्यासाठी करायचा की नाही, हेही आपल्याच हाती आहे. नववी-दहावीसाठी 'स्व-विकास व कलारसास्वाद' हे पाठ्यपुस्तक बालभारतीने काढले आहे. माझ्या पुतणीचे पुस्तक वर्षअखेरीस इतके कोरे होते की त्याची घडीही मोडली नव्हती. श्रेणी मात्र तिला 'अ' मिळाली.

आपल्या अडचणी मला कळत नाहीत असे नाही. कलाशिक्षकाचे पद रिकामे झाले की पुन्हा भरले जात नाही, हे सगळीकडचे दुखणे आहे. संगीतशिक्षकाचा पगार शुल्कातून द्यायचा, तर शुल्क वाढते आणि मग आम्ही पालकच ओरडतो. फाउंडेशनची मागणी पालकांनीच केली, हेही खरे आहे. मागच्या पालकसभेत हात वर करणाऱ्यांत माझा हात नव्हता, पण मी विरोधात बोललेही नाही, आणि याची मला आज खंत आहे. म्हणून मागणे आवाक्यातले ठेवते. खोली परत द्यावी. नववीला आठवड्यातून चित्रकलेच्या दोन जोड तासिका ठेवाव्यात, कारण सुट्या पस्तीस मिनिटांत पाणी आणून रंग कालवेपर्यंत घंटा होते. दहावीला एक तास द्यावा, मग तो गाण्याचा असो किंवा नाटकाचा, मुलींनी निवडावा. स्नेहसंमेलनासाठी बाहेरच्या माणसाला जे मानधन दिले जाते आणि मुलींकडून पोशाखाचे जे पैसे गोळा होतात, त्या दोन्ही रकमा एकत्र केल्या, तर ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) झालेल्या एखाद्या बेकार तरुणीला वर्षातले काही महिने मानधन देता येईल. अशा तरुणी या गावात आहेत, त्या सध्या मेंदी काढतात आणि रांगोळीचे वर्ग चालवतात. संमेलनात बाहेरून आणलेले काहीही नसावे : पडदा मुलींनी रंगवावा, गाणी मुलींनी गावीत, आणि तबके धरायला समितीच्या सदस्यांनी उभे राहावे. शेवटचे वाक्य मी चिडून लिहिले आहे, पण ते खोडत नाही.

माझ्याकडून जे होईल ते मी देऊ करते. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी मला सुटी असते. भूमिती आणि अक्षरलेखन हे दोन विषय मी विनामोबदला शिकवेन. आमच्या कार्यालयात संगणक आल्यापासून पडून असलेली सहा ड्रॉइंग बोर्डे आणि टी-स्क्वेअर शाळेला द्यायला साहेब तयार आहेत, त्यांच्याशी माझे बोलणे झाले आहे. माझ्या तुकडीतल्या सात जणींशी फोनवर बोलले. त्यांतली एक हार्मोनियम दुरुस्त करून देते म्हणाली. कोणती पट्टी, हे तिला सांगावे लागले नाही.

रेखाकला परीक्षा सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला होतात आणि त्यांची नोंदणी त्याआधीच बंद होते. म्हणून निर्णय पुढच्या पालकसभेपर्यंत लांबवू नये, ही विनंती. त्याहूनही तातडीची गोष्ट म्हणजे, खोली रिकामी करताना चित्रकलेची ती बारा बाके, ज्यांवर आम्ही घोड्यावर बसल्यासारख्या दोन्हीकडे पाय टाकून बसत असू, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली नेऊन ठेवलेली मी परवा पाहिली. त्या पत्र्याला मधोमध भोक आहे. आपल्याकडे पाऊस कमी पडतो हे खरे, पण प्लायवूड फुगायला एकच पुरतो. पत्राचे उत्तर सवडीने दिले तरी चालेल, बाके मात्र आज संध्याकाळपर्यंत आत घ्यावीत.

आपली नम्र,
दहावी १९९८ च्या तुकडीतली एक माजी विद्यार्थिनी व सध्याची पालक